सेवासदनाची लेक, काटेवाडीची सून

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या राहत्या वाड्यात पुणे सेवासदनाच्या कामाला आरंभ झाला. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये याच नावाची संस्था काढली होती आणि तिचे अध्यक्षपद रमाबाईंकडे होते. पुण्याचे काम उभे राहिले ते रमाबाई आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या जोडीने. रमाबाईंकडे लोकांचा विश्वास होता आणि घरोघरच्या स्त्रियांपर्यंत पोचण्याची वाट होती. देवधरांकडे संघटनेचे कसब होते आणि निधीसाठी दारोदार हिंडण्याची तयारी होती. या दोन गुणांच्या बेरजेवर संस्थेची पहिली वर्षे निभावली. पुढे या संस्थेत शिकलेल्या एका मुलीचा संसार बारामती तालुक्यातील काटेवाडी या गावी झाला आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या शाळेचा धागा नीरेच्या डाव्या कालव्यापर्यंत जाऊन पोचला. त्या धाग्याचीच ही वाटचाल आहे.

सेवासदन निघाले तेव्हा पुण्याला मुलींची शाळा नवी राहिली नव्हती. १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, त्याला साठ वर्षे उलटली होती. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर आदींच्या पुढाकाराने हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल सुरू झाले होते. महर्षी कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला रुजला होता. तरीही एक मोठा वर्ग या सर्वांच्या बाहेर राहत होता. लहानपणीच लग्न होऊन शाळा सुटलेल्या, अकाली विधवा होऊन माहेरी परतलेल्या, वय वाढल्यामुळे बिगारीच्या वर्गात बसायला लाजणाऱ्या अशा या स्त्रिया होत्या. त्यांना घरचे आवरून, पोराबाळांचे पाहून शिकता येईल अशी जागा हवी होती. सेवासदनाने ती दिली. दुपारच्या वेळी, स्वयंपाकघर आवरल्यावर, लुगड्याच्या पदराआड पाटी घेऊन बायका वर्गाला येऊ लागल्या.

रमाबाईंना ही अडचण पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या घरातून न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन त्यांच्या घरात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले, तेव्हा घरातल्याच बायकांचे टोमणे, अबोला आणि कुचेष्टा त्यांच्या वाट्याला आली. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतर काही काळ घराबाहेर न पडलेल्या रमाबाई हळूहळू सार्वजनिक कामात उतरल्या आणि १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिकण्यासाठी घरातच किती झगडावे लागते याचा अनुभव गाठीला असलेली बाई संस्थेच्या प्रमुखपदी होती, हे सेवासदनाचे खरे भांडवल ठरले.

पुढची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. लेखन-वाचनाच्या वर्गाला शिवणकाम, गायन आणि प्रथमोपचाराची जोड मिळाली. स्त्री-शिक्षिकांची निकड ध्यानात घेऊन अध्यापिका तयार करण्याचे वर्ग आणि पुढे ट्रेनिंग कॉलेज निघाले. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणाची सोय झाली. परगावच्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृहे उघडली गेली. यातले कोणतेच पाऊल सुखाने पडले नाही. परक्या रुग्णाची सेवा करणे, त्यातही पुरुष रुग्णाची, हे भल्या घरच्या बाईला शोभत नाही असे मानणारा समाज भोवती होता. शिकायला येणाऱ्या तरुण विधवांवर लोकांची नजर असे. जातीपातीचे सोवळे-ओवळे सांभाळू पाहणाऱ्यांची समजूत काढावी लागे आणि दरवर्षी खर्चाची तोंडमिळवणी करताना देवधरांना देणगीदारांचे उंबरठे झिजवावे लागत. मात्र सेवासदनातून बाहेर पडलेली शिक्षिका गावच्या शाळेत रुजू झाली, शिकलेली परिचारिका अडलेल्या बाळंतिणीला सोडवू लागली, की विरोधाची धार आपोआप बोथट होई. १९१३ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन रमाबाईंच्या कामाची दखल घेतली.

१९२० च्या सुमारास संस्थेला रस्त्यावरही उतरावे लागले. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा विचार चालू होता. पण पैशाच्या अडचणीचे कारण पुढे करून ती सक्ती आधी मुलांपुरतीच ठेवावी असा मोठा प्रवाह होता. मुलींनाही हाच हक्क मिळाला पाहिजे, या मागणीसाठी रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रियांनी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या. याच काळात मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून चळवळ झाली आणि १९२१ मध्ये कायदे कौन्सिलाने तो मान्य केला. त्यातही रमाबाई पुढे होत्या. वर्गात धुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलींच्या कानांवर सभा, ठराव, मतदान, सभासद हे शब्द त्या दिवसांत सहज पडत होते. एप्रिल १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या. त्यांनी वाड्यात लावलेले रोप तोवर स्वतःच्या मुळांवर उभे राहिले होते.

याच सेवासदनात कोल्हापूरकडची एक मुलगी शिकत होती. तिचे नाव शारदा भोसले. पन्हाळा तालुक्यातील गोलिवडे या डोंगराळ मुलखातल्या गावी १२ डिसेंबर १९११ रोजी तिचा जन्म झाला. कोल्हापूर संस्थानात त्या वेळी छत्रपती शाहू महाराजांचे राज्य होते आणि १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे फर्मान काढले. शिक्षणाचे वारे त्या मुलखात वाहू लागले होते. पण शेतकरी मराठा घरातली मुलगी पुण्यासारख्या परक्या शहरात शिकायला ठेवणे ही गोष्ट विरळाच होती. थोरल्या बहिणीच्या आधाराने शारदेला ती संधी लाभली. पुण्यातील मुलींच्या शाळांतील पट त्या काळी मुख्यतः पांढरपेशा घरांतील नावांनी भरलेला असे. त्यात गोलिवड्याच्या या मुलीचे नाव आले, ही शाळेच्या दृष्टीनेही महत्त्वाची नोंद होती. स्त्रीशिक्षणाची चळवळ पेठांच्या बाहेर, शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोचू लागल्याची ती खूण होती.

शारदेचे शिक्षण आजच्या मोजमापाने थोडे. त्या काळी मराठी सातवी, म्हणजे ‘फायनल’, उत्तीर्ण होणाऱ्याला प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई, इतके त्या शिक्षणाला वजन होते. पण सेवासदनाची शिकवण इयत्तेत मावणारी नव्हती. टापटीप, वेळेचे भान, वाचनाची गोडी, हिशेब चोख ठेवण्याची सवय आणि चार लोकांसमोर आपले म्हणणे न अडखळता मांडण्याचे धैर्य ही शिदोरी तेथील विद्यार्थिनींना मिळे. शारदेने ती आयुष्यभर जपली.

गोविंदराव पवार यांच्याशी विवाह होऊन शारदा भोसले शारदाबाई पवार झाल्या आणि त्यांच्या आयुष्याची गाठ बारामतीच्या मुलखाशी पडली. हा मुलूख तेव्हा कूस बदलत होता. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा झाला, तेव्हापासून बारामती आणि इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात उसाचे मळे दिसू लागले होते. कालव्याच्या एका अंगाला हिरवा ऊस आणि दुसऱ्या अंगाला पावसाच्या आशेवर पेरलेली ज्वारी असे दुभंगलेले चित्र होते. बागायत आली तशी भांडवलाची गरज आली आणि सावकाराचा पाशही आला. त्यावर उतारा म्हणून सहकार रुजत होता. मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेने कालव्यावरच्या बागायतदारांसाठी बारामतीत शाखा उघडली होती. गोविंदराव नीरा कालव्यावरील शेतकऱ्यांच्या सहकारी खरेदी-विक्री संघात काम करत. सेवासदनाचे देवधर स्वतः सहकारी चळवळीतले अग्रणी होते. पुण्यात जे देवधर स्त्रियांच्या वर्गासाठी झटत होते तेच खेड्यातल्या पतपेढ्यांसाठीही हिंडत होते, आणि या दोन्ही प्रयत्नांची फळे एका संसारात एकत्र आली.

काटेवाडी बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथे विसावते. परीट समाजाचे लोक तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण घालतात. अशा गावी पुण्यात शिकलेली सून नांदायला आली. शिकलेली बाई शेतात कशी खपेल, असा प्रश्न तेव्हा कुठल्याही गावात विचारला गेला असता. शारदाबाईंनी त्याचे उत्तर कामातून दिले. गोविंदराव संघाच्या व्यापात गुंतलेले असताना शेती त्यांनी हाती घेतली. पेरणी, पाण्याची पाळी, गडीमाणसांची मजुरी, बाजाराचा हिशेब हे सारे त्या स्वतः पाहत. सात मुलगे आणि चार मुली अशी अकरा अपत्ये त्यांनी वाढवली. मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणात त्यांनी अंतर राखले नाही. वर्तमानपत्र आणि पुस्तक घरात येत राहील याकडे त्यांचे लक्ष असे.

१९३८ मध्ये शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचा पूर्वावतार. खेड्यातील रस्ते, विहिरी, दवाखाने, धर्मशाळा अशी कामे त्याच्याकडे असत. सभागृह पुरुषांचे होते आणि त्यात शारदाबाई एकट्या स्त्री. १९२१ मध्ये स्त्रियांना मत मिळाले आणि त्यानंतर सतरा वर्षांनी सेवासदनात शिकलेली एक मुलगी स्वतः सभासद म्हणून जिल्ह्याच्या कारभारात बसली होती. संस्थेच्या इतिहासात इमारतींच्या कोनशिला, पदके, देणग्या यांच्या तारखा सापडतात. ही तारीख त्यांच्याच रांगेत ठेवावी अशा तोलाची आहे.

काटेवाडीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. त्या काळचे रस्ते, धुरळा उडवणाऱ्या मोटारी आणि दौंडची छोटी रेल्वे ध्यानात घेतली तर बोर्डाच्या एका बैठकीसाठी घरदार सोडून निघणे म्हणजे काय, याची कल्पना येते. १२ डिसेंबर १९४० रोजी, शारदाबाईंच्या स्वतःच्याच जन्मतारखेला, त्यांचा मुलगा शरद जन्मला. तीन दिवसांच्या या बाळाला कुशीत घेऊन आई बोर्डाच्या बैठकीला पुण्याला गेल्याची हकीकत पुढे शरद पवार यांनी अनेकदा सांगितली आहे. बाळंतिणीने घराचा उंबरा ओलांडू नये असा रिवाज होता. शारदाबाईंच्या लेखी लोकांनी सोपवलेले काम त्या रिवाजाहून मोठे होते. यात बंडाचा आव नव्हता. बैठक ठरली होती, त्या सभासद होत्या, म्हणून त्या गेल्या.

हा प्रवास पुढे खडतर झाला. गोळी लागून तडफडणाऱ्या एका वळूला चुचकारायला त्या जवळ गेल्या असता त्याने त्यांनाच धडक दिली आणि त्यांच्या पायाला जबर इजा झाली. उपचार झाले, पण पुढील आयुष्य कुबड्यांच्या आधाराने काढावे लागले. शेतावर खपणाऱ्या बाईला याहून मोठे संकट नव्हते. तरी त्यांनी ना शेतीवरची नजर काढली, ना सार्वजनिक कामावरची.

विचाराने पवार घराणे शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी उभ्या केलेल्या या पक्षावर शारदाबाईंची निष्ठा होती. १९६० मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा थोरले चिरंजीव वसंतराव शेकापचे उमेदवार होते आणि धाकटे शरद काँग्रेसच्या प्रचारात होते. एकाच घरातून दोन दिशांना दोन झेंडे निघाले. आईने मुलाला आपल्या विचाराच्या दावणीला बांधले नाही. प्रत्येकाने आपल्या बुद्धीने निवड करावी आणि केलेल्या निवडीशी इमान राखावे, ही मोकळीक त्या घरात होती. हाती पुस्तक दिल्यावर वाचणाऱ्याने काय ठरवायचे ते त्याच्यावर सोपवावे लागते. सेवासदनात शिकलेला हा पाठ काटेवाडीच्या घरात असा गिरवला गेला.

पुण्यात सेवासदनाचा संसार या काळात वाढत होता. १९३५ मध्ये देवधर गेले आणि संस्थापकांची पिढी सरली. पण शाळा, अध्यापिका विद्यालय, वसतिगृह, उद्योगवर्ग यांचे काम थांबले नाही. १९६२ मध्ये रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शारदाबाईंनी जेथे काम केले ते लोकल बोर्ड इतिहासजमा झाले. नव्या जिल्हा परिषदांतही स्त्री सभासदांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. शारदाबाईंनी १९३८ मध्ये टाकलेले पाऊल किती पुढचे होते, हे त्यावरून उमगते.

बारामतीतही शिक्षणाचे पट उलगडत गेले. १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले आणि तालुक्यातील मुलांना पदवीसाठी पुणे गाठण्याची गरज उरली नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस जिरायत भागात ‘कामासाठी धान्य’ या पद्धतीने पाझर तलावांची कामे झाली. त्या अनुभवातून १९७१ मध्ये शारदाबाईंचे चिरंजीव दिनकरराव ऊर्फ आप्पासाहेब आणि शरद पवार यांच्या पुढाकाराने बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र मोठ्या दुष्काळाने होरपळत होता. पोटाची चिंता असतानाच शाळा-कॉलेजांचे पाये खोदले जात होते. बारामतीच्या शैक्षणिक इतिहासातील हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

ऑगस्ट १९७५ मध्ये शारदाबाईंचे निधन झाले. ट्रस्टने माळेगावजवळ जे संकुल विकसित केले त्याला शारदानगर हे नाव मिळाले. आप्पासाहेबांच्या देखरेखीखाली मुरमाड माळावर पाणी, माती आणि झाडे यांचे प्रयोग झाले. कृषी विज्ञान केंद्र आले, शाळा आल्या आणि मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शारदाबाई पवार महिला कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयात बारामती, इंदापूर, दौंड, फलटण या भागांतील शेतकरी कुटुंबांतील मुली शिकतात. परगावच्या मुलींसाठी आवारातच वसतिगृह आहे. वसतिगृह हा शब्द कोरडा वाटतो. पण गावाकडच्या बापाला मुलगी पुढे शिकवण्याचा धीर बहुतेक वेळा तोच देतो. रमाबाई आणि देवधरांनी पुण्यात वसतिगृहावर जो भर दिला होता त्यामागचे कारण हेच होते. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात शोधलेले उत्तर माळेगावच्या माळावरही लागू पडले.

१९९० च्या दशकात या वाटेला कायद्याचे बळ मिळाले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्य संस्थांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. १९९४ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर हक्क देणारी दुरुस्ती केली. पुढे महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील स्त्रियांचा वाटा निम्म्यावर गेला. त्यामागे अनेक चळवळी, अनेक स्त्री-संघटना आणि कित्येक वर्षांचा झगडा होता. श्रेय कुणा एका घराचे नाही. तरीही जिल्हा लोकल बोर्डात एकट्या बसलेल्या बाईच्या मांडीवरचे बाळ पुढे अशा निर्णयाच्या खुर्चीत बसले, एवढी नोंद इतिहासाने ठेवली आहे.

आज पुण्याच्या सेवासदनाने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. दुपारच्या वर्गाला चोरून येणाऱ्या बायकांच्या जागी बिनदिक्कत दप्तर लावून येणाऱ्या मुली आहेत. काटेवाडीने ग्रामस्वच्छतेच्या चळवळीत नाव कमावले आणि त्यात गावच्या बायकांचा वाटा मोठा होता. अडचणी संपलेल्या नाहीत. उसाच्या पट्ट्यात अजूनही दहावी-बारावीनंतर मुलीच्या लग्नाची घाई होते. पाणी हुकलेल्या जिरायत गावांत तिची फी हा घरातला पहिला कापला जाणारा खर्च असतो. शाळेचे काम संपले असे म्हणायची वेळ म्हणूनच आलेली नाही. पण ते काम करायचे की नाही, हा प्रश्न मात्र कायमचा निकाली निघाला आहे.

ही सारी वाटचाल अनेक हातांची आहे. वाड्याची दारे उघडणाऱ्या रमाबाई, निधीसाठी झोळी घेऊन हिंडणारे देवधर, लोकांचे बोल सोसून वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, मुलीला परगावी ठेवण्याचे धाडस करणारी बहीण, सुनेच्या शिक्षणाला ओझे न मानणारे सासर, माळावर झाडे जगवणारे कार्यकर्ते आणि वसतिगृहाच्या दारात मुलीची पेटी उतरवून डोळे पुसत परतणारे गावोगावचे आईबाप, हे सर्व तिचे भागीदार आहेत. १९२० च्या आसपास शिकण्यासाठी शारदेला गोलिवड्याचे डोंगर सोडून पुणे गाठावे लागले होते. आज काटेवाडीच्या फाट्यावर सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीला पदवीसाठी तालुका ओलांडावा लागत नाही. आणि तिच्या ओळखपत्रावर महाविद्यालयाचे जे नाव छापलेले असते, ते तिच्याच गावच्या एका सुनेचे असते.